चक्रीवादळापूर्वीचे ७२ तास : आरोग्य विभाग काय करतो?

ओडिशाच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘दाना’ हे तीव्र चक्रीवादळ धडकले. २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास भितरकनिका आणि धामरा यांच्या दरम्यान ते जमिनीवर आले, त्यापूर्वी ५ लाख ८४ हजारांहून अधिक नागरिकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते. मुख्यमंत्री मोहन चरण माझी यांनी त्यावेळी दिलेल्या माहितीनुसार, हलविण्यात आलेल्यांमध्ये ४,४३१ गरोदर स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी १,६०० जणी तोपर्यंत प्रसूत झाल्या होत्या. एकूण स्थलांतरितांच्या संख्येपुढे हा आकडा लहान दिसतो. मात्र आपत्तीच्या काळात शासनाचा आरोग्य विभाग नेमके कोणते काम करतो, हे समजून घ्यायचे असेल तर याच आकड्यापासून सुरुवात करणे योग्य ठरेल.

प्रथम अधिकारांविषयी. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ साली संमत झाला. त्यानंतर देशात जी व्यवस्था उभी राहिली, तीत प्रत्येक प्रकारच्या आपत्तीसाठी केंद्रातील एकेक मंत्रालय प्रमुख मानले जाते. रोगांच्या साथी आणि अन्य जैविक आपत्तींची जबाबदारी आरोग्य मंत्रालयाकडे आहे. २०१८ साली केरळमधील कोळिकोड जिल्ह्यात निपाह विषाणूचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा सर्व सूत्रे राज्याच्या आरोग्य विभागाच्या हाती होती. चक्रीवादळाच्या वेळी तसे नसते. ओडिशात अशा वेळी विशेष मदत आयुक्तांचे कार्यालय समन्वय करते, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचा शब्द अंतिम असतो, आणि पोलीस, वीज, सार्वजनिक बांधकाम या खात्यांप्रमाणेच आरोग्य खाते आपला वाटा उचलते. अर्थात, हा वाटा कायद्यानेच निश्चित केलेला आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी पदसिद्ध सदस्य असतात. त्यामुळे कोणता रस्ता आधी मोकळा करावा, कोणत्या इमारतीची वीज आधी सुरू करावी, याचा निर्णय होताना रुग्णालयाच्या बाजूने बोलणारे कोणीतरी बैठकीत उपस्थित असते.

भारतीय हवामानशास्त्र विभाग वादळाच्या सूचना टप्प्याटप्प्याने देतो. सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, किमान ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा आणि किमान २४ तास आधी धोक्याचा इशारा, असा हा क्रम आहे. आरोग्य विभागाच्या दृष्टीने यांतील पहिले दोन टप्पेच महत्त्वाचे आहेत. वारे सुटल्यानंतर रुग्णवाहिका रस्त्यावर काढता येत नाही. वारे थांबल्यानंतरही काही तास, कधी काही दिवस, उन्मळून पडलेल्या झाडांमुळे आणि विजेच्या खांबांमुळे गावे तुटलेली राहतात.

प्रसूती याच काळात येऊन ठेपली तर काय होते? प्रसूतीनंतर तीव्र रक्तस्राव सुरू झाल्यास उपचारांअभावी स्त्रीचा मृत्यू सुमारे दोन तासांत होऊ शकतो. रस्ता बंद असताना अधिक वेगवान रुग्णवाहिकेचा येथे काही उपयोग नाही. त्यावर एकच उपाय उरतो आणि तो म्हणजे, ज्या स्त्रियांची प्रसूतीची तारीख जवळ आली आहे त्यांना वादळाच्या आधीच रुग्णालयात किंवा त्याच्या निकट आणून ठेवणे. ओडिशाने दुर्गम भागांतील गरोदर स्त्रियांसाठी आरोग्य संस्थांच्या आवारात ‘मा गृह’ नावाची निवासस्थाने उभारली आहेत, त्यांचाही अशा वेळी उपयोग होतो. महाराष्ट्रातील वाचकांना ही कल्पना अपरिचित वाटू नये. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ योजना याच हेतूने राबविण्यात आली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तेथील आरोग्य कर्मचाऱ्यांना पावसाळ्याआधीच ठाऊक असते.

पण कोणाला हलवायचे, हे दोन दिवसांत कसे ठरणार? ते दोन दिवसांत ठरत नाही. गावातील आशा कार्यकर्ती आणि उपकेंद्रातील परिचारिका वर्षभर गरोदर स्त्रियांची नोंदणी करीत असतात. शेवटच्या पाळीची तारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख, रक्तक्षय किंवा वाढलेला रक्तदाब यांसारखे धोके, या साऱ्यांची नोंद त्यांच्या नोंदवहीत असते. ही नोंदवही वादळासाठी ठेवलेली नसते. लसीकरण, लोहाच्या गोळ्या आणि रुग्णालयातील प्रसूती यांसाठी ती भरली जाते. इशारा आल्यावर तिच्यातूनच नावे काढली जातात. ज्या गावात ही नोंद वर्षभर अद्ययावत ठेवली गेली, तेथे यादी काही तासांत तयार होते. जेथे ती मागे पडली असेल, तेथे घरोघरी फिरण्यातच मौल्यवान वेळ जातो.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाला महाचक्रीवादळाने झोडपले, तेव्हा आशा कार्यकर्ती हे पदच अस्तित्वात नव्हते. ते राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर २००५ मध्ये आले. त्या वादळात सुमारे १०,००० लोक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले. आज किनारपट्टीवर आठशेहून अधिक बहुउद्देशीय निवारे आहेत. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फनी’ हे वादळ धडकले, तेव्हा सुमारे १२ लाख लोकांना आधीच हलविण्यात आले होते आणि राज्यातील मृतांची संख्या ६४ होती. १९९९ चे वादळ फनीपेक्षा बरेच अधिक प्रबळ होते, ‘दाना’ तर या दोहोंच्या मानाने सौम्य, त्यामुळे केवळ मृतांच्या आकड्यांवरून व्यवस्थेचे यश मोजणे न्याय्य होणार नाही. तरीही बदल मोठा आहे, यात शंका नाही.

यादीनंतर साठ्याचे काम येते. जलसंजीवनीची पाकिटे, पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या, टीसीएल पावडर, प्रतिजैविके, जखमा शिवण्याचे साहित्य यांचा साठा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आधीच पोहोचविला जातो. सर्पदंशावरील लस या साठ्यात असणे अत्यावश्यक आहे. पाणी भरले की साप बिळे सोडून उंच आणि कोरड्या जागी येतात, आणि माणसेही तेथेच आश्रयाला आलेली असतात. भारतात वापरली जाणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर उपयोगी पडते. परंतु ती जिल्हा रुग्णालयात असून चालत नाही, ती दंश झालेल्या माणसापासून तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी हवी. जनित्रासाठी पुरेसे डिझेल, प्राणवायूचे सिलिंडर आणि लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवणारे शीतकपाट, हे तपशील बातम्यांत क्वचितच येतात.

रुग्णालयाची इमारतच आपत्तीत सापडली तर सारी तयारी व्यर्थ जाते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचे जिल्हा रुग्णालय कोसळले आणि जखमींना उपचार मिळण्याचे मुख्य ठिकाणच नाहीसे झाले. त्या जागी पुढे जे नवे रुग्णालय बांधण्यात आले, त्याच्या पायात शिसे आणि रबर यांचे आधार बसविण्यात आले, जेणेकरून जमिनीचा हादरा थेट इमारतीत शिरू नये. फनी वादळात भुवनेश्वरच्या एम्सच्या इमारतींचे मोठे नुकसान झाले, सुदैवाने रुग्ण, कर्मचारी आणि विद्यार्थी सुखरूप राहिले. मुंबईतही मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाचा इशारा मिळाल्यावर दहिसर, वांद्रे-कुर्ला संकुल आणि मुलुंड येथील तात्पुरत्या कोविड केंद्रांतील ५८० रुग्णांना महापालिकेने अन्य रुग्णालयांत हलविले होते. मंडपवजा बांधकामे त्या वाऱ्यात टिकतील याची खात्री देता येत नव्हती.

वादळ ओसरले की अन्य खात्यांचे काम हळूहळू कमी होऊ लागते आणि आरोग्य विभागाचे काम वाढत जाते. याचे कारण रोगांच्या अधिशयन काळात, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या अवधीत आहे. अतिसार पहिल्याच आठवड्यात दिसू लागतो. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे बहुधा एक ते दोन आठवड्यांनी प्रकट होतात, तर दूषित पाण्यातून होणारी कावीळ दोन ते आठ आठवड्यांनीही उद्भवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पाणी ओसरून गेल्यावर, ऑगस्टमध्ये, मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ उद्भवली होती.

ही लाट वेळीच ओळखण्यासाठी पुन्हा दैनंदिन नोंदींकडेच वळावे लागते. एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला. त्यानुसार गावपातळीवरील कर्मचारी संशयित रुग्णांची, डॉक्टर निदान झालेल्या संभाव्य रुग्णांची आणि प्रयोगशाळा खात्री झालेल्या रुग्णांची अशी तीन स्वतंत्र पत्रकांवर साप्ताहिक माहिती पाठवीत असत. २०२१ पासून हे काम नव्या संगणकीय मंचावर होते आणि माहिती रोजच्या रोज भरता येते. एखाद्या निवाऱ्यात दोन दिवसांत जुलाबाचे दहा रुग्ण आढळले, तर ते नेहमीपेक्षा अधिक आहेत की नाही, हे सांगण्यासाठी नेहमीचा आकडा आधीपासून ठाऊक असावा लागतो. त्याचबरोबर विहिरी आणि हातपंपांचे शुद्धीकरण, पाण्यातील उर्वरित क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी, आणि गावोगाव फिरती वैद्यकीय पथके, हे सारे कित्येक आठवडे चालते.

या व्यवस्थेत उणीव आहे ती अशांची, ज्यांची नोंदवही नाही. गरोदर स्त्रियांइतकी काटेकोर यादी अन्य रुग्णांची क्वचितच असते. ज्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस घ्यावे लागते, त्या रुग्णाला वीज आणि शुद्ध पाणी दोन्ही लागते, आणि चार दिवस वाट पाहणे त्याला परवडत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला थंड जागा हवी. क्षयरोगाची औषधे मध्येच थांबविता येत नाहीत. फनीनंतर पुरी आणि भुवनेश्वरच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. क्षयरुग्णांची नोंद शासनाकडे असते, परंतु खासगी केंद्रांत डायलिसिस घेणारे किंवा घरी इन्सुलिन टोचून घेणारे किती जण त्या पट्ट्यात राहतात, याचे उत्तर इशाऱ्यानंतरच्या ४८ तासांत देता येईल अशी गावनिहाय यादी बहुतेक जिल्ह्यांना अजून तयार करावयाची आहे.