तन्मयता, संगीतश्रवणातील

संगीत ऐकत असताना श्रोत्याचे अवधान स्वर, लय व शब्द यांवर पूर्णपणे केंद्रित होऊन त्याला काही काळ स्वतःचा व परिसराचा विसर पडणे आणि त्याबरोबरच उत्कट भावानुभव येणे, या मनोवस्थेस संगीतश्रवणातील तन्मयता असे म्हणतात. मान डोलणे, अंगावर रोमांच उभे राहणे, कंठ दाटून येणे व अश्रू ओघळणे ही तिची बाह्य लक्षणे होत. ती प्रत्येकात दिसतीलच असे नाही. निश्चल बसून ऐकणारा श्रोताही पूर्णतः तन्मय असू शकतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांचा रसांशी संबंध जोडलेला आहे. मध्यम व पंचम हे शृंगार आणि हास्य या रसांना, षड्ज व ऋषभ हे वीर, रौद्र आणि अद्भुत यांना, गांधार व निषाद हे करुणाला, तर धैवत हा बीभत्स आणि भयानक यांना अनुकूल मानला आहे. हे विवेचन नाट्यप्रयोगातील संगीताविषयी आहे. रागसंगीतात मात्र सुट्या स्वराला ठरावीक भाव चिकटलेला आढळत नाही. भैरवातील आंदोलित कोमल ऋषभ गांभीर्य निर्माण करतो. मारव्यात षड्ज बराच वेळ टाळला जात असल्याने तोच कोमल ऋषभ अस्वस्थ हुरहुर लावतो. भाव स्वरात नव्हे, तर स्वरांच्या परस्परसंबंधांत प्रकट होतो.

तन्मयतेची मूलगामी मीमांसा काश्मीरमधील अभिनवगुप्त (दहावे–अकरावे शतक) याने केली. त्याच्या मते तन्मय होण्याची योग्यता ज्याच्या ठायी असते, तो सहृदय होय. मधुर गीत ऐकताना मनाची उदासीनता नाहीशी होऊन हृदयात जे स्पंदन उठते, तीच आनंदशक्ती, असे त्याने तंत्रालोकात म्हटले आहे. रसास्वादातील विघ्नांमध्ये तो स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटणे याची गणना करतो आणि त्याच्या निवारणाचा उपाय म्हणून नाट्यातील गीत, वाद्य इत्यादींचा निर्देश करतो. याचा अर्थ असा, की एखादे गीत ऐकून स्वतःच्या गतकाळाच्या आठवणीने व्याकूळ होणे आणि त्या गीतातच रंगून जाणे या दोन भिन्न अवस्था आहेत. पहिल्या अवस्थेत संगीत केवळ निमित्त असते. दुसरीत श्रोत्याचे दुःख व्यक्तिगत राहत नाही आणि म्हणूनच करुण संगीतही आनंद देऊ शकते.

भक्तिसंगीतात तन्मयतेला साधनेचे स्थान आहे. वारकरी भजनात टाळमृदंगाची वाढती लय, नामाची पुनरावृत्ती आणि सामूहिक गायन यांमुळे श्रोता व गायक हा भेद पुसला जातो. सूफी पंथात संगीतश्रवणास ‘समा’ व त्यातून येणाऱ्या भावावस्थेस ‘वज्द’ म्हणतात. अल्-गझाली (मृत्यू 1111) याने समासाठी योग्य वेळ, स्थळ व सोबती आवश्यक मानले असून, स्वतःला आवरणे शक्य असेपर्यंत श्रोत्याने उठू वा आक्रंदू नये, असे सांगितले आहे. उत्कटता व तिचे प्रदर्शन यांतील फरक यातून सूचित होतो.

पाश्चात्त्य विचारवंतांपैकी एडुआर्ट हान्सलिक याने 1854 मध्ये संगीताचे सौंदर्य भावजागृतीत नसून नादाकृतींच्या गतीत आहे, असे प्रतिपादन केले. लेनर्ड मेयर याने 1956 मध्ये या दोन पक्षांना जोडणारा विचार मांडला : स्वररचना श्रोत्याच्या मनात अपेक्षा निर्माण करते आणि त्या अपेक्षा लांबणीवर पडल्याने किंवा भंगल्याने भाव जागृत होतो. हिंदुस्थानी मैफलीत याचे प्रत्यंतर सहज मिळते. विलंबित ख्यालात गायक आवर्तनभर आलाप फिरवून समेकडे येऊ लागतो, तेव्हा श्रोतेही मनाने तिच्याकडे ओढले जातात. सम साधताच सभागृहातून उत्स्फूर्त दाद उमटते. मॅक्‌गिल विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसून आले, की संगीतातील उत्कट क्षणी मेंदूत डोपामीन हे द्रव्य स्रवते; त्या क्षणाच्या प्रतीक्षेतही ते स्रवते, मात्र मेंदूच्या निराळ्या भागात.

तन्मय होण्याची क्षमता व्यक्तिपरत्वे बदलते. टेलेगन व ॲटकिन्सन यांनी 1974 मध्ये अनुभवात गढून जाण्याची प्रवृत्ती मोजणारी प्रश्नावली तयार केली. इतर सुखे नेहमीप्रमाणे अनुभवणाऱ्या काही निरोगी व्यक्तींना संगीतापासून मात्र आनंद मिळत नाही, असे 2014 मधील एका संशोधनात आढळले. तेव्हा संगीताने न द्रवणारा माणूस भावनाशून्य असतो, ही समजूत निराधार ठरते. परक्या परंपरेतील संगीताचा ढोबळ भाव ओळखता येतो. बाल्कविल व टॉम्प्सन यांच्या 1999 मधील अभ्यासात पाश्चात्त्य श्रोत्यांनी हिंदुस्थानी रागांतील आनंद, दुःख व क्रोध हे भाव ओळखले. परंतु भाव ओळखणे म्हणजे तन्मय होणे नव्हे. समेची ओढ लागण्यासाठी ताल मनात मुरलेला असावा लागतो.

ध्वनिमुद्रणामुळे संगीत सर्वकाळ उपलब्ध झाले, तसेच ते इतर कामांची पार्श्वभूमीही बनले. तथापि कान उघडे असणे व अवधान देणे या भिन्न गोष्टी होत. श्रवणाच्या संस्काराने अपेक्षा घडतात व अवधानाने त्या जागृत राहतात; या दोहोंच्या संयोगानेच श्रोत्यास आत्मविस्मृतीचा अनुभव येतो.