‘हे लोक वेळीच पळाले का नाहीत?’

एली वीझेल यांचं नाझी छळछावणीच्या आठवणींचं ‘नाइट’ अमेरिकेतल्या कितीतरी शाळांत साधारण आठवी ते दहावीच्या मुलांना वाचायला देतात. शे-सव्वाशे पानांचं पुस्तक, छोटी छोटी वाक्यं. आठवडाभरात उरकता येईल असं. पण ते उरकू नये. विशेषतः छळछावणीत पोचण्याआधीची पानं तर सावकाशच वाचायला हवीत, कारण मुलांचा सर्वांत मोठा प्रश्न तिथेच उभा राहतो: हे लोक वेळीच पळाले का नाहीत?

वीझेल यांचं गाव सिगेत. आज ते रुमानियात आहे, तेव्हा हंगेरीच्या ताब्यात होतं. १९४१ मध्ये हंगेरीने परदेशी ठरवलेल्या ज्यूंना हद्दपार केलं. त्यात गावातला गरीब मोशे होता. पायाला गोळी लागलेली, मेला समजून सोडून दिलेला मोशे कसाबसा परतला आणि दारोदार जाऊन डोळ्यांदेखत झालेलं हत्याकांड सांगत सुटला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं.

पुढे १९ मार्च १९४४ रोजी जर्मन सैन्य हंगेरीत शिरलं. सिगेतमध्ये ज्यूंच्या घरी उतरलेले अधिकारी सभ्यपणे वागत. एकाने तर यजमानीणबाईंसाठी चॉकलेटचा डबा आणला! रशियन फौजा जवळ येत होत्या, युद्ध संपतच आलंय असं सगळे म्हणत होते. त्याआधी पॅलेस्टाइनला निघून जायची वाट थोडी उघडी असताना एलीने आपल्या वडिलांची मनधरणी केली होती. नव्या मुलखात पहिल्यापासून सुरुवात करायचं आपलं वय राहिलं नाही, असं वडिलांचं म्हणणं पडलं. मग ज्यूंच्या कपड्यांवर पिवळे तारे आले, कुंपण घातलेली वस्ती आली आणि मे महिन्यात गुरांच्या डब्यांच्या आगगाड्या. १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ४० हजार ज्यूंना नेण्यात आलं, बहुतेकांना आउश्वित्झला. हा क्रम फळ्यावर मांडला, की प्रश्नातला आरोप गळून पडतो.

काही शिक्षक मुलांना ‘अनुभव’ यावा म्हणून वर्गात दाटीवाटीने उभं करतात, कैद्यांच्या भूमिका देतात. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय अशा प्रयोगांना स्पष्ट विरोध करतं, आणि ते योग्यच आहे. तो अनुभव वर्गात येऊच शकत नाही. उलट त्याचा खेळ होऊन बसतो.

त्यापेक्षा पुस्तकातला छावणीतला एकच प्रसंग पुन्हा वाचावा. कामाला निरुपयोगी म्हणून आता आपल्याला मारायला नेणार, असं वाटताच वडील पंधरा वर्षांच्या एलीच्या हातात आपला चाकू आणि चमचा देतात. वारसा म्हणून द्यायला तेवढंच उरलेलं असतं. त्या संध्याकाळी वडिलांचा जीव वाचलेला असतो आणि मुलगा दोन्ही वस्तू परत करतो. याच मुलाला वडिलांना मार बसताना त्यांचाच राग आलेला असतो. वाचणारी मुलंही त्याच वयाची. यावर लगेच चर्चा घडवू नये; ज्याला हवं त्याला वहीत लिहू द्यावं, आणि ती वही तपासायला मागू नये.

एलीची आई आणि धाकटी बहीण त्सिपोरा आउश्वित्झमध्येच मारल्या गेल्या. वडील जानेवारी १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत वारले; ११ एप्रिलला ती छावणी मुक्त झाली. कथन तिथेच आटोपतं. मुलं मात्र पुढचं विचारतात, म्हणून शेवटचा एक तास राखून ठेवावा. हिल्डा आणि बेआ या थोरल्या बहिणी वाचल्या होत्या. एली यांना इतर अनाथ मुलांबरोबर फ्रान्सला नेलं. तिथे वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो पाहून हिल्डाने त्यांना शोधून काढलं. सुमारे दहा वर्षं त्यांनी छावणीबद्दल काहीही प्रसिद्ध केलं नाही. १९५६ मध्ये यिद्दिश पुस्तक अर्जेंटिनात निघालं, १९५८ मध्ये त्याचं आटोपशीर फ्रेंच रूप आलं आणि १९६० मध्ये इंग्रजी.