‘आबा गेले’... म्हणजे कुठे?

दोन शब्दांचं साधं वाक्य. मला ते चुकीचं कळलं. मग फोनमधल्या ‘एआय’ला तरी बरोबर कळतं का? अन् मुळात ‘कळतं’ म्हणजे काय होतं?

शनिवारची सकाळ. एफसी रोडवरचा कॅफे, समोर कॅपुचिनो, लॅपटॉपवर दुपारची डेडलाइन. फोन थरथरला. आत्याचा मेसेज होता, ‘आबा गेले.’

आबा म्हणजे माझे आजोबा. त्याच दिवशी ते तेरहून धाराशिवला आणि तिथून एसटीनं पुण्याला यायचे होते, डोळ्यांच्या तपासणीला. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, आबांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत ‘उस्मानाबाद स्टँड’च होतं.) मी फटकन टाइप केलं, ‘ओके! खिडकीची जागा मिळाली का विचार.’ पुढे एक हसरी स्मायली. अन् पुन्हा डेडलाइनमध्ये घुसले.

दहा मिनिटांनी चुलतभावाचा फोन आला. तो रडत होता.

त्या स्मायलीची मला अजून लाज वाटते. पण धक्का ओसरल्यावर एक प्रश्न डोक्यात रुतून बसला. त्या मेसेजमध्ये अवघड शब्द एकही नव्हता. मराठी ही माझी मातृभाषा, लिहिणं हा माझा धंदा. तरी मला कळलं नाही, म्हणजे नेमकं काय कळलं नाही?

शोधायला लागले तेव्हा समजलं, की आपल्याकडच्या नैयायिक आणि मीमांसकांनी यावर शतकानुशतकं डोकेफोड केली आहे. त्यांचा फंडा सॉलिड आहे. वाक्याचा अर्थ लागायला तीन गोष्टी हव्यात, असं ते म्हणतात. पहिली आकांक्षा, म्हणजे शब्दांना एकमेकांची गरज हवी. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ असं नुसतं म्हटलं तर वाक्य होत नाही. दुसरी संनिधी, म्हणजे शब्द लागोपाठ यायला हवेत. ‘पाणी’ आत्ता आणि ‘दे’ संध्याकाळी, असं चालत नाही. तिसरी योग्यता. ‘विस्तवानं झाडांना शिंपतो’ हे व्याकरणात बसतं, पण विस्तवानं कोणी शिंपतं का?

‘आबा गेले’ या तिन्ही परीक्षांत पहिल्या नंबरानं पास! अडलं ते चौथ्या गोष्टीवर. तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात काय होतं. त्यासाठी त्यांचं एक जुनं लाडकं उदाहरण आहे. संस्कृतात ‘सैंधव’ म्हणजे मीठही आणि सिंधू देशाचा घोडाही. जेवताना मालक म्हणाला, ‘सैंधव आण’, तर मीठ आणायचं. निघायच्या तयारीत असताना म्हणाला, तर घोडा. जेवणाच्या पानाशी घोडा उभा करणारा नोकर म्हणजे त्या शनिवारची मी!

आपल्या मेंदूत हे सगळं किती भराभर चालतं, तेही आता मोजता येतं. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना वाक्यं वाचायला दिली. काहींचा शेवट मुद्दाम विचित्र होता. गरम पावाला लोणी लावण्याऐवजी मोजे लावले, अशा छापाचा. तो विचित्र शब्द दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक विद्युत लहर मोठी होते, असं त्यांना आढळलं. म्हणजे पंडितांची ‘योग्यता’ तारा लावून मोजली की हो! माझ्या मेंदूत त्या सकाळी बहुतेक काहीच उसळलं नसणार. एसटीवाला अर्थ इतका मस्त बसत होता.

मग मी फोनकडे वळले. गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आली २०१३ मध्ये. २०१७ मध्ये तिथली मराठी न्यूरल पद्धतीवर गेली, म्हणजे तुकडे जोडण्याऐवजी अख्खं वाक्य एकदम बघायला लागली. त्याच वर्षी आठ संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडली. त्यात आशिष वासवानी होते आणि पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेली निकी परमारही. आजचे सगळे गाजणारे चॅटबॉट तिच्यावरच उभे आहेत. वाक्यातला प्रत्येक शब्द बाकीच्या कुठल्या शब्दाकडे किती ‘बघतो’, याचा ती हिशेब ठेवते. मला थेट आकांक्षाच आठवली. (पंडितांना ही तुलना रुचेल की नाही, देव जाणे.)

परीक्षा घ्यायला मी एकच क्रियापद निवडलं. आपल्या तुळजापूरला देवीपुढे नारळ ‘वाढवतात’, म्हणजे फोडतात. दिवा ‘वाढवला’ म्हणजे विझवला. बांगडी ‘वाढली’ म्हणजे फुटली. दुकान ‘वाढवलं’ म्हणजे बंद करून घरी गेले. आणि आई ताटात ‘वाढते’ ते वेगळंच. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून आपण उलटं बोलतो, आणि मग यंत्राची परीक्षा बघतो. एका जुन्या अ‍ॅपनं माझ्या दुकानदाराचा धंदा विस्तारला, नारळाची उंची वाढवली. नवा चॅटबॉट मात्र पाचही वाक्यांत पास! वर अशुभ टाळण्याच्या प्रथेवर छोटं लेक्चर. ‘आबा गेले’ टाकलं, तर म्हणाला, याचे दोन अर्थ होतात, संदर्भ सांगाल का? खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. हा साधा प्रश्न मी आत्याला विचारला नव्हता.

म्हणजे त्याला कळलं? इथे तत्त्वज्ञांची भांडणं सुरू होतात. अ‍ॅलन ट्युरिंगनं १९५० मध्ये म्हटलं, उत्तरांवरून माणूस की यंत्र हे ओळखता येत नसेल तर वाद कशाला घालायचा. जॉन सर्लनं १९८० मध्ये त्याला एक खोली दाखवली. आत चिनीचं अक्षरही न येणारा माणूस. फटीतून चिनी चिठ्ठी येते, तो नियमांचं जाडजूड पुस्तक बघून चिन्हं जुळवतो आणि उत्तर बाहेर सरकवतो. बाहेरचे म्हणतात, वा, काय चिनी येतं याला! त्याला बिचाऱ्याला काय लिहिलं तेही माहीत नाही.

मीमांसक सांगतात, मूल भाषा कशी शिकतं ते बघा. मोठा माणूस म्हणतो ‘गाय आण’, दुसरा उठून गाय आणतो. मग ‘गाय बांध’, मग ‘घोडा आण’. अशी अख्खी वाक्यं ऐकत मूल एकेक शब्द सोडवतं. चॅटबॉटही वाक्यांच्या ढिगाऱ्यातूनच शिकतो. फक्त त्याच्यासमोर गाय कधी येत नाही. ‘गाय’नंतर कुठले शब्द येतात, तेवढंच त्याला दिसतं.

आबांच्या वर्षश्राद्धाला तेरला गेले होते. तेरणेकाठी गोरोबाकाकांची समाधी आहे. तिथली गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. संतमंडळी जमली होती. मुक्ताईनं विचारलं, हे थापटणं कशासाठी? गोरोबा म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे शांत बसले, नामदेव तेवढे चिडले. गोरोबांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं! मग नामदेव गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे गेले, असं परंपरा सांगते.

लहानपणी मला यात नामदेवांवर अन्याय वाटायचा. या वेळी वेगळंच जाणवलं. नामदेवांच्या शब्दांत काही खोट नव्हती. त्यांची तोंडी परीक्षा घेतली असती, तर ते सहज पास झाले असते. कुंभारानं ती घेतलीच नाही. त्यानं ठोकून आवाज ऐकला. ट्युरिंगच्या बरोबर उलटं! पण चॅटबॉटला थापटणं मारायचं कुठे? त्याला डोकंही नाही अन् राग येण्याइतका मानही नाही. कितीही शिव्या घाला, तो ‘क्षमस्व’ म्हणतो. गोरोबांच्या नियमानं तो पहिल्याच फटक्यात पक्का ठरायचा. म्हणजे ही परीक्षाही त्याच्यावर चालत नाही.

संध्याकाळी हे सगळं आत्याला सांगितलं. फोनवर चॅटबॉटचं उत्तरही वाचून दाखवलं. संदर्भ सांगितल्यावर त्यानं आबांच्या निधनाबद्दल चार छान ओळी लिहिल्या होत्या. माझ्यापेक्षा बऱ्या.

आत्यानं पदरानं चष्मा पुसत ऐकलं. ‘मग?’

‘मग काय?’

‘कळल्यावर काय केलं त्यानं?’

मला उत्तर सुचेना. त्यानं काहीच केलं नव्हतं. खाली रिकामी चौकट उघडी होती, माझ्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत.

‘तुला दहा मिनिटं उशिरा कळलं,’ आत्या म्हणाली. ‘पर दुपारच्या गाडीत बसलीस की गं. चप्पल बी वेगवेगळी होती पायात. मी बघितलं व्हतं.’

ते मला आठवतच नव्हतं. मी काही बोलायच्या आत ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चुलीकडे जाता जाता म्हणाली, ‘चल, वाढते.’

मी फोन उशीखाली सरकवला आणि पाट घेतला.