अंटार्क्टिकातला काळा पाषाण किती जुना?

अंटार्क्टिका म्हणजे नुसते बर्फ, असे वाटणाऱ्याने ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांगेतले उघडे कडे पाहावेत. फिकट वालुकाश्माच्या थरांतून डोलेराइटचे काळेभोर पट्टे लांबवर गेलेले दिसतात. जमिनीखालीच थिजलेला हा शिलारस. त्याच्या वयाबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : असे वय कार्बन पद्धतीने काढतात.

वस्तुस्थिती : कार्बन-१४ चालतो तो लाकूड, हाड अशा एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींना, तोही सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच. थिजलेल्या शिलारसासाठी पोटॅशियम-४० कामी येते. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे १२५ कोटी वर्षे. त्यातून आर्गॉन वायू तयार होतो. शिलारस पातळ असताना हा वायू निसटतो, थिजल्यावर मात्र स्फटिकात साठत जातो. साठा मोजला की थिजल्यापासूनचा काळ कळतो. झिरकॉन खनिजाच्या कणांतले युरेनियम आणि शिसे मोजूनही वय निघते. या काळ्या पट्ट्यांचे वय त्यावरून सुमारे १८.३ कोटी वर्षे ठरले. गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटू लागल्याचा तो काळ. सह्याद्रीच्या बेसॉल्टचे सुमारे ६.६ कोटी वर्षे हे वयही याच दोन पद्धतींनी पक्के झाले.

गैरसमज : यंत्राने दाखवलेला आकडा म्हणजेच वय.

वस्तुस्थिती : अंटार्क्टिकातल्या रॉस बेटावरचा माउंट एरेबस हा ज्वालामुखी आजही जागृत आहे. १९८४ मध्ये त्यातून उडालेल्या लाव्हागोळ्यांत अनॉर्थोक्लेज या खनिजाचे मोठे स्फटिक होते. ते तपासले, तर वय निघाले काही लाख वर्षे! स्फटिकांत अडकलेल्या काचेच्या सूक्ष्म थेंबांत जुना आर्गॉन शिल्लक होता. काच जितकी काढून टाकली, तितका आकडा खाली आला. म्हणून नमुना निवडणे आणि स्वच्छ करणे हे मोजणीइतकेच जोखमीचे काम आहे.

गैरसमज : खडकाचे वय तेच भ्रंशाचे वय.

वस्तुस्थिती : भ्रंश म्हणजे खडक तुटून सरकल्याची जागा. याच पर्वतरांगेतल्या ड्राय व्हॅलीजच्या परिसरात काळा पट्टा मध्येच तुटतो आणि पुढचा तुकडा वेगळ्याच उंचीवर सापडतो. म्हणजे भ्रंश पट्ट्यानंतरचा, १८.३ कोटी वर्षांच्या अलीकडचा. उलट, एखादा लाव्हाप्रवाह भ्रंशावर अखंड पसरला असेल, तर भ्रंश त्याच्याआधीचा. वयाच्या अशा दोन कडा मिळाल्या की भ्रंश त्यांच्यामध्ये बसवता येतो. पर्वताच्या उचलीचे वयही खडकाच्या वयाहून वेगळे असते. ॲपेटाइट खनिजातल्या युरेनियमच्या विखंडनखुणा सांगतात, की पर्वतांची मुख्य उचल सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. शिलारस थिजणे आणि पर्वत उचलला जाणे यांत जवळपास १३ कोटी वर्षांचे अंतर आहे.