सूत्रे उरली, भाष्ये गेली : ‘क्यूअनॉन’च्या अभ्यासातील एक अडचण

इतिहासाच्या अभ्यासकाला कसर लागलेली कागदपत्रे हाती येतात. समाजमाध्यमांवरील अतिउजव्या चळवळींच्या अभ्यासकाची साधने मात्र त्याच्या डोळ्यांदेखत नाहीशी होतात. अमेरिकेतील ‘क्यूअनॉन’ चळवळीवरून ही अडचण स्पष्ट होईल.

२८ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘फोरचॅन’ या निनावी संदेशफलकावर हिलरी क्लिंटन यांच्या अटकेचे भाकीत करणारा एक मजकूर प्रसिद्ध झाला. त्याचा लेखक पुढे ‘क्यू’ या अक्षराने ओळखला जाऊ लागला. बालकांचे शोषण करणारी एक गुप्त टोळी राज्यसत्तेवर ताबा ठेवून आहे आणि डोनाल्ड ट्रम्प तिच्याशी लढत आहेत, असे या पंथाचे मत. क्लिंटन यांना अटक झाली नाही. अनुयायी मात्र वाढतच गेले. याचे कारण केवळ क्यूच्या लेखनात शोधणे व्यर्थ होय. ते लेखन त्रोटक, कोड्यासारखे व बहुधा प्रश्नार्थक असे. अनुयायी त्यास पावाचा चुरा म्हणत आणि त्या चुऱ्यापासून अर्थाचा पाव भाजून काढणाऱ्या आपल्यातील जाणत्यांना ‘बेकर’ म्हणत. भाकीत फसले की नवा अर्थ लावण्याचे कामही अनुयायीच करीत. चळवळ वसत होती ती सूत्रांत नव्हे, भाष्यांत.

आणि नेमकी भाष्येच मोठ्या प्रमाणावर लुप्त झाली आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये फेसबुकने या चळवळीची पाने व गट काढून टाकण्याचे जाहीर केले; ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसद भवनावर हल्ला झाल्यानंतर ट्विटरने ७०,००० हून अधिक खाती बंद केली. समाजहिताच्या दृष्टीने ही कारवाई उचित ठरेल. परंतु शंका कोणी काढली, तिला कोणी काय उत्तर दिले, याचा बराचसा पुरावाही तिच्याबरोबर गेला. क्यूचे सुमारे ५,००० संदेश मात्र अनुयायांनीच संकलित केल्यामुळे उपलब्ध आहेत. जे सुलभ तेच महत्त्वाचे मानण्याचा मोह अभ्यासकास येथे होतो.

चळवळ चालू असतानाच संग्रह करणे, हा यावरील उपाय. तथापि ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांची विनामूल्य सोय काढून घेतली आणि १४ ऑगस्ट २०२४ रोजी मेटा कंपनीने ‘क्राउडटँगल’ हे साधन बंद केले. त्यामुळे तोही दुष्कर झाला आहे. शिवाय चळवळ सोडून ज्याने आपला मजकूर स्वतः पुसला, त्याचे शब्द संग्रहात ठेवावेत काय? कंपनीने काढलेला आणि लेखकाने मागे घेतलेला मजकूर यांत भेद करणे अगत्याचे आहे. नुसत्या संग्रहावरून तो भेद कळत नाही. त्यासाठी मूळ ठिकाणी वारंवार जाऊन पाहावे लागते.