ओळखीचे दुकान, पुरते दाम



आपल्या लोकांच्या वस्तीत छोटे दुकान टाकणे सोपे, असे पुष्कळांना वाटते. गिऱ्हाईक शोधायला नको, पाटी रंगवायला नको, सगळे आपलेच. पण ज्यांनी असे दुकान चालवले त्यांना विचारून पाहा. ते सांगतील, गिऱ्हाईक मिळते लवकर, पैसे मिळतात उशिरा.

या वेळी मी अशाच एका दुकानाबद्दल लिहिणार आहे. हे दुकान आमच्या दिमोनात, एका जुन्या शिकूनच्या तळमजल्यावर आहे. चालवणाऱ्या बाई ७६ वर्षांच्या आहेत. सगळे त्यांना मावशी म्हणतात. 'माझं नाव छापू नकोस गं, लोक म्हणतील जाहिरात केली,' असे त्यांनी मला बजावले, म्हणून मीही मावशीच लिहिते.

दुकानात काय मिळते? शाबातच्या हल्लावर घालायचे भरतकामाचे रुमाल, किप्पा, तालीत ठेवायच्या पिशव्या, मेहंदीच्या रात्रीसाठी हिरव्या बांगड्या, मालिद्याच्या ताटावरची झाकणे आणि नवऱ्याचा शेरा. ताज्या फुलांचा शेरा नेगेवच्या उन्हात तासाभरात मान टाकतो, म्हणून मावशी कापडाची आणि कागदाची फुले करून ओवतात. जुन्या साड्यांपासून नव्या वस्तू करणे हे त्यांचे खास काम. बाकी ब्लाउज सैल करणे, चेन बसवणे, पॅन्टची लांबी कमी करणे हे रोजचेच. दुकानाचे वीजबिल त्यातून निघते, असे त्या म्हणतात.

वहीतले पैसे

दिमोना गाव १९५५ साली वसले. पुढे सूत-कापडाचे कारखाने आले आणि मुंबईहून आलेली आपली पुष्कळ माणसे तिथे कामाला लागली. मावशीही लागल्या. शिवण त्या मुंबईलाच शिकल्या होत्या. १९८४ साली त्यांनी कारखाना सोडून एका शिलाई मशीनवर हे दुकान सुरू केले.

ते साल वाईट होते. जुन्या वाचकांना आठवत असेल, १९८४ साली महागाई वर्षाला चारशे टक्क्यांच्या वर गेली होती. सकाळचा भाव दुसऱ्या आठवड्यात राहत नसे. आणि आपल्या लोकांची सवय काय? मकोलेतमध्ये जसे 'तिर्शोम' म्हणतात, म्हणजे लिहून ठेव, तसे इथेही 'मावशी, वहीत लिहा.' आज शिवून नेलेल्या कपड्याचे पैसे तीन महिन्यांनी यायचे. आकडा तोच, पण त्या पैशांत आधीच्या जेमतेम दोन तृतीयांश माल यायचा. देणाऱ्याला वाटायचे आपण कर्ज फेडले. मावशींच्या घरात मात्र तेवढी भाकरी कमी व्हायची. १९८५ साली सरकारने महागाई आवरली, जुन्या हजार शेकेलचा एक नवा शेकेल झाला आणि वहीतल्या आकड्यांची तीन-तीन शून्ये गेली. त्या दिवशी मावशींनी नियम केला: कापडाचे पैसे आधी, उरलेले वस्तू नेताना. वही बंद.

गावात कुजबुज झाली. 'आपल्यांकडून आगाऊ पैसे घेते!' दोन घरांनी येणे सोडले. वर्षभराने त्यातले एक घर परत आले, कारण मुलीची मेहंदी होती आणि शेरा दुसरे कोणी करत नव्हते.

हिशेब मांडून पाहू

आपल्या माणसांना वाटते, हा रुमाल तो केवढा, त्याला एवढे पैसे? म्हणून मावशींना मी विचारले आणि कागदावर मांडले.

एका भरतकामाच्या हल्ला-रुमालाला कापड, अस्तर, रेशीम आणि जर मिळून साधारण ४० शेकेलचे सामान लागते. काम चार तासांचे. आपल्या देशात २०२५ च्या एप्रिलपासून कमीत कमी मजुरी तासाला ३४ शेकेल ३२ अगोरोत ठरली. तेवढीच धरली तरी चार तासांचे १३७ शेकेल होतात. सामान धरून १७७. यात भाडे नाही, वीज नाही, मशीनची दुरुस्ती नाही. आणि कित्येक वर्षे मावशी हा रुमाल विकत होत्या ९० शेकेलला! म्हणजे सामान वजा जाता ५० शेकेल, तासाला साडेबारा. कारखान्यात झाडू मारणाऱ्यालाही यापेक्षा जास्त मिळते. वरून गिऱ्हाईक म्हणायचे, 'मावशी, आपल्यातले आहोत, ऐंशी घ्या.'

दुसरी गोष्ट करांची. लहान दुकानदार 'ओसेक पातूर' म्हणून नाव नोंदवतात. २०२५ साली वर्षाची विक्री १,२०,००० शेकेलच्या आत असेल तर ही सवलत होती. अशा दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून मअम घ्यावा लागत नाही. पण स्वतः दोरा-कापड घेताना जो मअम भरला तो परतही मिळत नाही. १ जानेवारी २०२५ पासून मअम १७ चा १८ टक्के झाला, तो भार मावशींच्या खिशावर पडला. बितुआख लेउमीचे हप्ते वेगळे. लोकांना गल्ल्यात पडणारी नोट दिसते. त्यातून बाहेर काय जाते ते दिसत नाही.

कामाचा हंगामही सारखा नसतो. पेसाखनंतर लाग बाओमेरपर्यंत लग्ने नाहीत. बिरड्याच्या सणाआधीचे दिवस पुन्हा रिकामे. मग तू बआव उलटला की नव्याच्या सणापर्यंत एवढी गर्दी, की मावशी रात्री बारापर्यंत बसतात. शुक्रवारी मात्र दुपारी दार बंद. मंत्री आला तरी उघडणार नाही, असे त्या म्हणतात. रिकाम्या महिन्यांत त्या शेऱ्याची फुले आणि रुमाल करून ठेवतात. छोट्या दुकानाला हे जमले नाही तर सहा महिन्यांत कुलूप लागते.

तोंड बंद, कान उघडे

मी ३४ वर्षे नर्स होते. नर्सच्या कानावर गावातले सगळे येते, पण तिने ते बाहेर बोलायचे नसते. शिवणाऱ्या बाईचे तसेच. ब्लाउज सैल करायला कोण आली, म्हणजे कोणाला दिवस गेले, हे नवऱ्याआधी मावशींना कळते. कोणाचे वजन आजाराने उतरले, कोणाच्या पॅन्टला थोरल्या भावाची पॅन्ट कापून ठिगळ लावायचे आहे, तेही त्यांना माहीत असते.

एकदा एका मुलीचे लग्न मोडले. शेरा तयार, बांगड्या मोजून ठेवलेल्या. मुलीची आई मागच्या दाराने आली, पैसे ठेवले आणि म्हणाली, 'वस्तू नकोत.' दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका सुईच्या निमित्ताने येऊन विचारू लागल्या. मावशींचे एकच उत्तर, 'मला शेऱ्याचं माहीत, संसाराचं माहीत नाही.' दोन वर्षांनी त्याच मुलीचे दुसरीकडे जमले. मावशींनी जुना शेरा उसवून नवीन ओवला. कोणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. ओळखीच्या गावात दुकान टिकते ते अशा गप्प बसण्याने. एक शब्द बाहेर गेला तर उद्या कोणी माप द्यायला येणार नाही.

आजीचे लुगडे

मागच्या वर्षी पाच चुलत-मावस भावंडे मिळून दुकानात आली. आजी वारली होती. तिचे नऊवारी लुगडे कोणी घ्यावे यावरून घरात बोलाचाली झाली होती. पाचही जणांना हवे, आणि नेसता एकीलाही येत नाही. मावशींनी लुगडे टेबलावर पसरले. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. पदर आणि काठ सांभाळून त्यांनी खडूने रेघा आखल्या. पाच हल्ला-रुमाल झाले, प्रत्येकाला काठाचा तुकडा आला. उरलेल्या कापडातून मशिदीतल्या तेबासाठी एक आच्छादन झाले आणि ते आजीच्या नावाने दिले.

त्या मुलांनी सांगितलेले दाम पूर्ण दिले. त्यातला एक मुलगा हिब्रूतच बोलतो, मराठी फक्त समजते. त्याने विचारले, 'कमा तश्लुमीम?' म्हणजे किती हप्त्यांत देऊ? मावशी हसल्या. म्हणाल्या, 'बाळा, दोन हप्त्यांत दे, पण दे.' हे पैसे बाजारात मिळणाऱ्या रुमालाचे नव्हते. कात्री कुठे चालवायची आणि कुठे नाही, हे चाळीस वर्षांनी कळते, त्याचे ते पैसे होते.

फुकट द्यायचे ते उघड द्यायचे

मावशी कंजूष आहेत असे कोणी समजू नये. गरीब मुलीच्या लग्नाला मदत करणे, हखनासत कल्ला, ही आपल्या धर्मातली मोठी मित्स्वा. वर्षात दोन मेहंद्यांचे सामान त्या फुकट देतात. कोणाला, ते सांगत नाहीत. २०२० साली कोरोना आला, १२ एप्रिलपासून बाहेर तोंडावर मास्क सक्तीचा झाला. लग्ने थांबली होती, दुकानात काम नव्हते. तरी उरलेल्या सुती तुकड्यांचे मास्क शिवून त्यांनी दाराबाहेर टोपलीत ठेवले, शेजारी त्सेदाकाचा डबा. ज्याला जमेल त्याने टाकावे.

पण त्या म्हणतात, दान वेगळे आणि सूट वेगळी. दान मी देते. सूट माझ्याकडून काढून घेतात. आता दुकानात दरपत्रक लावले आहे, वर हिब्रू, खाली मराठी. ते लावल्यापासून घासाघीस निम्मी झाली. गंमत म्हणजे शेजारच्या मोरोक्कन बायकांनी कधीच भाव केला नाही. त्यांच्यातही मेहंदी असते, त्यांना काफ्तानची शिवण नीट करून हवी असते. १९६९ साली दिमोनात आलेले हिब्रू इस्राएली लोक आपले कपडे स्वतः शिवतात, तेही दोऱ्यासाठी येतात. मोजून पैसे देतात, आभार मानतात. भाव होतो तो आपल्याच लोकांत!

पुढे काय?

मावशींच्या बोटांचे सांधे सुजतात. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे. मी त्यांना सांगितले आहे, अर्धा तास काम झाले की सुई ठेवायची, बोटे उघडमीट करायची, दिवा डाव्या खांद्यावरून घ्यायचा. ऐकतात थोडे. पण अजून एक वर्ष बघते, मग बंद करते, असे त्या या वेळी पहिल्यांदा म्हणाल्या.

शिकायला दोन मुली येतात. एक त्यांची नात, एक मोरोक्कन घरातली. दोघींचे हात चांगले आहेत. नातीने हिशेब विचारला, 'आजी, यात माझं पोट भरेल का?' मावशींना लगेच उत्तर देता आले नाही. ते उत्तर त्यांच्या हातात नाहीच, ते आपल्या हातात आहे. तासाला साडेबारा शेकेल मिळणार असतील तर कोणती मुलगी शेरा ओवायला बसेल? आणि तिने का बसावे? मग मेहंदीचे सामान परदेशातून डब्यात येईल. वस्तू मिळेल, पण तालीतच्या पिशवीवर मराठीत आजोबांचे नाव काढून देणारे कोणी नसेल.

म्हणून वाचकांना तीन विनंत्या. तुमच्या गावात, मग ते लोद असो, रामले असो की अश्दोद, असे दुकान असेल तर मागणी वेळेवर द्या, लग्नाच्या चार दिवस आधी नको. किंमत परवडत नसेल तर साधी वस्तू मागा, त्याच वस्तूचा भाव पाडू नका. आणि आपले म्हणून पैसे आधी द्या, उशिरा नको.

मुलांनो, तुमच्यासाठी थोडे काम. सुईला हिब्रूत मखात म्हणतात, दोऱ्याला खूत, कात्रीला मिस्पराईम, बटणाला कफ्तोर. आता आजीला विचारा: धावदोरा कसा घालतात? काज म्हणजे काय? अंगुस्ताना कोणत्या बोटात घालतात? मग एक पांढरा सुती तुकडा घ्या, ४० सेंटिमीटर रुंद, ५० लांब. कडा दुमडून धावदोरा घाला आणि मधोमध पेन्सिलीने लिहून रंगीत दोऱ्याने 'शाबात' भरा. किती वेळ लागला ते घड्याळात बघा आणि लिहून ठेवा. त्या तासांना ३४ ने गुणा. मग घरातल्या मोठ्यांना तो आकडा दाखवा.

सगळ्यांना शालोम, आणि आपले हात देवाने शाबूत ठेवावेत.