नकुशा आणि पिठातला किडा

समजा, हजेरी घेताना बाईंनी रोज तुम्हाला "नकुशा!" अशी हाक मारली, तर "हजर!" म्हणावंसं वाटेल का हो?

सातारा जिल्ह्यात खरोखरच अशा मुली होत्या. आरोग्य खात्याने शोध घेतला, तेव्हा एकदोन नव्हे, तब्बल २८५ सापडल्या! कुणी नकुशा, कुणी नकोशी. मुलीच्या पाठीवर मुलगी झाली की तिचं हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, असा लोकांचा समज.

पण दोस्तांनो, नावाने असं काही होतं का? चला, तपासू या.

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यातल्या एका जोडीवर मुलगा की मुलगी हे ठरतं. आईची ही जोडी असते एक्स-एक्स, बाबांची एक्स-वाय. बाळाला आईकडून एक्सच मिळतो. बाबांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. म्हणजे "हिला मुलीच होतात" असं म्हणून आईला बोल लावणं साफ चूक! आणि बाबांच्या तरी हातात कुठे काय असतं? नाणं उडवल्यावर तीनदा काटा पडला, तरी चौथ्यांदा छापा पडेलच असं नाही. मागचं काही नाण्याच्या लक्षात नसतं. मोठ्या बहिणीचं नाव काय ठेवलंय, हे वायला कसं कळणार?

मुलगा की मुलगी हे कशावर ठरतं, याचा छडा लावायला मदत केली ती पिठात होणाऱ्या एका किड्याने. १९०५ साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या बाईंनी त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं होती. नराच्या पेशीत मोठी १९च, आणि विसावं अगदी इवलंसं. तोच वाय!

पण "मुलगी नको" हा हट्ट नावापुरताच थांबत नाही. ते पाहायला आता शेजारच्या सांगलीत डोकावू. निसर्गनियमाने १००० मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. २०११च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८६७. बाकीच्या गेल्या कुठे? पोटात मुलगी आहे हे तपासून घेऊन कित्येकींना जन्मालाच येऊ दिलं नव्हतं. अशी तपासणी करायला १९९४च्या कायद्याने बंदी आहे, तरीही!

साताऱ्यात मात्र २२ ऑक्टोबर २०११ला एक भारी गोष्ट घडली. वेण्या घालून, रिबिनी बांधून, ठेवणीतले कपडे घालून त्या नकुशा मुली रांगेत उभ्या राहिल्या. एकेकीला फुलांचा गुच्छ मिळाला आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र! कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. सावित्रीबाई फुल्यांचा जन्मही याच जिल्ह्यातल्या नायगावचा, बरं का. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने १८५५ साली आपल्या समाजाच्या हालअपेष्टांवर सडेतोड निबंध लिहिला, तेव्हा तीही तुमच्यासारखी शाळकरी पोरच होती.

तेव्हा बोलायला मोठं होईपर्यंत थांबू नका. कुणी "परत मुलगीच का?" म्हणून नाक मुरडलं, तर त्यांना एक्स-वायचं हे गणित मांडून दाखवा. आणि वर्गात कुणी नकुशा असेल, तर आधी तिला विचारा, "तुला कोणतं नाव आवडेल?"